टायमिंग चेनचं कव्हर बदलताना: अडकलेले बोल्ट, खड्डे पडलेली सपाट बाजू आणि चेंबरचे दोन कोपरे

प्रश्न असा आहे: जुन्या पिकअपचं ५ लिटरचं व्ही-८ इंजिन. वॉटर पंपाच्या मागून कूलंट ठिबकतंय. पंप दोनदा बदलून झाला तरी गळती थांबलेली नाही. आता डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसू लागलंय. मेकॅनिकच्या मते टायमिंग चेनचं (क्रँक या मुख्य दांड्यावरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणाऱ्या साखळीचं) कव्हर गेलंय. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) न उतरवता ते घरी बदलता येईल का? आणि उघडलंच आहे तर चेनही बदलून टाकावी का?

दोन्हीचं उत्तर ‘हो’ आहे, पण त्याआधी एक सांगतो. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसल्यापासून हे इंजिन सुरू करू नका. गाडी दारातून हलवायलासुद्धा नाही. तेल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस दिसला तर तो थंडीत छोट्या फेऱ्या मारल्यामुळे साचलेला दमटपणा असू शकतो. डिपस्टिकच्या टोकाला मात्र दूध दिसलं तर कूलंट चेंबरमध्ये उतरलेलं असतं. पाणी आणि ग्लायकॉल तेलात मिसळलं की क्रँक आणि बेअरिंग यांच्यातला तेलाचा थर तुटतो आणि बेअरिंगचं मऊ अस्तर खाल्लं जातं. कव्हरचं काम दोन-तीन दिवसांचं आहे. बेअरिंग गेली तर इंजिनच खाली उतरवावं लागेल.

आता निदानाची खात्री करू. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक छोटं छिद्र असतं, पंपाचं आतलं सील गेलं की तिथून पाणी येतं. ते छिद्र कोरडं आहे आणि ओल पंपाच्या मागे, कव्हर जिथे ब्लॉकला टेकतं त्या कडेला आहे, तर पंप निर्दोष आहे. रेडिएटरला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावा, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब भरा, आणि टॉर्च घेऊन अर्धा तास पाहत बसा. इंजिन थंड असतानाच हे करा, कारण गरम इंजिनावर पाण्याचे थेंब उडून जातात आणि वाट दिसत नाही. तेलात कूलंट येण्याची दुसरी कारणंही आहेत: इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, हेड गॅस्केट. त्यामुळे स्पार्क प्लग काढून दाब तसाच ठेवा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा आणि एखाद्या सिलिंडरमधून पाणी येतं का ते बघा. पण बाहेर कव्हरच्या कडेला ओल आणि आत दुधाळ तेल, अशी जोडी दिसली की माझा पहिला संशय कव्हरवरच जातो. याचं कारण त्या कव्हरच्या रचनेत आहे.

तुमच्या वर्णनावरून हे फोर्डच्या विंडसर घराण्यातलं इंजिन वाटतं. ३०२ घन इंचांचं, म्हणजेच ५ लिटरचं, १९६८ पासूनचं, ३५१ त्याच्या पुढच्या वर्षीचं, आणि एफ-सीरिजच्या पिकअपमध्ये ३०२ पार १९९६ पर्यंत होतं. या इंजिनांत टायमिंग कव्हर म्हणजे चेनवरचं नुसतं झाकण नाही. ते ओतीव अॅल्युमिनियमचं आहे, वॉटर पंप त्याच्यावरच बसतो, आणि पंपाचं पाणी कव्हरमधल्या डाव्या-उजव्या वाटांनी ब्लॉकमध्ये जातं. म्हणजे एकाच पॅकिंगच्या एका बाजूला दाबाखालचं कूलंट आहे, दुसऱ्या बाजूला चेनचा कप्पा, आणि त्याच्या खाली थेट चेंबर. मधे उरते ती बोटाच्या रुंदीची अॅल्युमिनियमची पट्टी. ती खाल्ली गेली की पाण्याला बाहेरही रस्ता मिळतो आणि आतही.

ती खाल्ली का जाते? ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला अॅल्युमिनियम टेकलेलं आणि मधे कूलंट, म्हणजे जवळपास बॅटरीच झाली. कूलंट ताजं असतं तोवर त्यातली गंजरोधक रसायनं हे थोपवून धरतात. ती संपली की झीज अॅल्युमिनियमची होते. शिवाय तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे गाडी तापते आणि निवते तसं दर वेळी कव्हर पॅकिंगवर किंचित घासत राहतं. तीस-पस्तीस वर्षांच्या इंजिनात तिथे खड्डे सापडणारच. दोनदा पंप बदलून उपयोग का झाला नाही, हे आता लक्षात आलं असेल. पंप कव्हरला बसतो, आणि गळती कव्हरच्या पलीकडच्या फेसवर, म्हणजे ब्लॉकला टेकणाऱ्या सपाट बाजूवर आहे.

नवं कव्हर मागवताना घाई करू नका. दिसायला सगळी सारखी असतात, पण डिपस्टिकचं भोक असलेलं आणि नसलेलं, यांत्रिक फ्युएल पंपाचं तोंड असलेलं आणि नसलेलं, टायमिंगचा काटा डावीकडे किंवा उजवीकडे असलेलं, असे बरेच प्रकार आहेत. वॉटर पंपही बघून घ्या. सर्पेंटाइन पट्टा (सगळ्या पुल्या फिरवणारा एकच लांब पट्टा) लावलेल्या इंजिनांत पंप बहुधा उलट्या दिशेने फिरतो आणि आतलं पातं वेगळं असतं. चुकीचा पंप बोल्टला व्यवस्थित बसेल आणि इंजिन मात्र तापत राहील. पंप आणि कव्हर यांच्यामध्ये एक पातळ पोलादी पाठपत्रा असतो, तो बहुतेक वेळा गंजून चाळणी झालेला असतो. तोही नवा घ्या.

काढायला सुरुवात करण्याआधी एक नंबरचा पिस्टन फायरिंगच्या टॉपवर (ठिणगी पडायच्या वेळी असतो तसा अगदी वर) आणा. डिस्ट्रिब्युटरचं (स्पार्क प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाचं) झाकण उघडून आतला फिरता रोटर एक नंबरच्या वायरीकडे बघतोय याची खात्री करा आणि त्याची दिशा डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर रंगाने टिपून ठेवा. याच वेळी चेनची झीजही मोजून घ्या, कारण कव्हर न उघडता ती कळते. क्रँक घड्याळाच्या दिशेने थोडा फिरवून ढील काढा, पुलीवरचा अंश टिपा. मग उलट दिशेने हळूहळू फिरवा आणि रोटर हलायला लागतो त्या क्षणी थांबा. मधे गेलेले अंश म्हणजे चेनची ढील. सहा-सात अंशांपर्यंत मी चेन ठीक समजतो, दहाच्या पुढे गेली तर ती संपलेली असते. मोजून झालं की क्रँक परत घड्याळाच्याच दिशेने टॉपवर आणा.

बॅटरी सोडा. रेडिएटर रिकामा करा, आणि ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लग हलत असतील तर तेही उघडा. ब्लॉकमध्ये राहिलेलं पाणी कव्हर सुटताच चेंबरमध्ये पडतं. फॅन, त्याचं आवरण, पट्टा, पंपाचे होज, ब्रॅकेट हे सगळं निघेल तसं काढत जा. ब्रॅकेटच्या जागांचे फोटो घ्या. पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढा, भोकं पाडा, आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. इथले बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे आहेत: काही फक्त कव्हर धरतात, काही पंप आणि कव्हर दोन्हींतून ब्लॉकमध्ये जातात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो. तुम्हाला वाटतं आवळला गेला, कव्हर मात्र ढिलंच राहतं.

आता बोल्ट. या कामाचा अर्धा वेळ इथे जातो आणि माणसं इथेच हरतात. हे बोल्ट ब्लॉकच्या आट्यांत फारसे अडकत नाहीत. अडकतात ते कव्हरमधून जाणाऱ्या लांब भोकात. अॅल्युमिनियमचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो. भोकात तो पांढऱ्या पिठासारखा साठतो आणि बोल्टची दांडी चहूबाजूंनी आवळून धरतो. म्हणून तेल सोडायचं ते बोल्टच्या डोक्याभोवती आणि कव्हर-ब्लॉकच्या फटीत, आदल्या रात्रीपासून, पुन्हा पुन्हा. उष्णता द्यायची ती बोल्टला नाही, कव्हरच्या उंचवट्याला. अॅल्युमिनियम जास्त फुगतं आणि दांडीवरची पकड सैल होते. इंधनाची नळी जवळ असेल तर ज्वाला नको, हॉट एअर गन वापरा. पाना लावला की आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असं मागे-पुढे करत बोल्टला वाट काढू द्या. डोक्यावर सरळ चार ठोके मारले तरी पीठ तुटतं. बोल्ट रबरासारखा पीळ घेतोय असं हाताला जाणवलं की तिथेच थांबा आणि परत उष्णता द्या.

तरीही एखादं डोकं तुटेल. तुटलं तर ड्रिल आणि उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर हातात घेऊ नका. जुनं कव्हर भंगारातच जायचं आहे, म्हणून त्याचा बळी द्या. तुटलेल्या बोल्टभोवतीचा उंचवटा करवतीने चिरा, छन्नीने उकला, कव्हर त्या दांडीवरून काढून घ्या. ब्लॉकमधून चांगली दोन-तीन इंच दांडी बाहेर उभी राहते. तिला ग्रिप प्लायर लावा, नाही जमलं तर टोकाला नट वेल्ड करा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच आटे मोकळे होतात. मी सुरुवातीच्या काळात एका इंजिनावर असा बोल्ट ड्रिलने काढायला गेलो, एक्स्ट्रॅक्टर आतच तुटला, आणि तो बोल्टच्या पोलादापेक्षाही कडक तुकडा काढायला पूर्ण दिवस गेला. कव्हर आधी बाजूला काढलं असतं तर तीच दांडी पंधरा मिनिटांत आली असती.

क्रँक पुलीच्या मागचा डॅम्पर (क्रँकची थरथर शोषणारं जड चाक) काढायला त्याच्या मधल्या हबमध्ये बोल्ट लावून ओढणारा पुलर हवा. बाहेरच्या कड्याला जबड्यांचा पुलर लावला की हब आणि कडं यांच्यातलं रबर फाटतं. हातोडी तर नकोच. बाहेर आल्यावर रबर बघा. फुगलं असेल किंवा कडं सरकलं असेल तर टायमिंगच्या खुणेवर विश्वास ठेवता येत नाही. हबवर जिथे ऑइल सीलची ओठी फिरते तिथे नख फिरवा. नख अडकेल इतकी खाच असेल तर नवं सीलही गळेल. त्यासाठी हबवर चढवायची पातळ पोलादी स्लीव्ह मिळते, ती चढवा.

चेंबर उतरवायचा नाही, कारण पिकअपमध्ये तो चासीच्या आडव्या बीमवर अडकतो आणि इंजिन उचलावं लागतं. मग असं करा. चेंबरचे कव्हरमध्ये जाणारे पुढचे बोल्ट काढा, बाजूचे पुढचे दोन-तीन नुसते ढिले करा. कव्हर सुटण्याआधी पातळ धारदार पातं ब्लॉकच्या पुढच्या फेसला सपाट लावून चेंबरचं पॅकिंग दोन्ही बाजूंना सरळ कापा. जुनं पॅकिंग ब्लॉकखाली तसंच राहू द्या. पुढच्या भागासाठी नव्या पॅकिंगमधून तेवढाच तुकडा कापून घ्यायचा. मूळ पॅकिंग एकसंध रबराचं असेल आणि ते न फाटता कव्हरपासून सुटलं, तर कापायचीही गरज नाही.

कव्हर निघालं की चेन समोर येते. झीज मर्यादेत असली तरी मी इथे चेन आणि दोन्ही चक्रं बदलतोच, कारण इथवर पोहोचायची मेहनत परत करायची नसते. त्यातही कॅमच्या चक्राचे दात नायलॉनचे असतील तर पर्याय नाही. वयाने ते ठिसूळ होतात, तुकडे चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. असे तुटलेले दात दिसले तर मात्र माझं वरचं म्हणणं रद्द: चेंबर उतरवा आणि जाळी साफ करा. नवी चेन बसवताना क्रँकच्या चक्राची खूण वर आणि कॅमची खूण खाली, एकमेकींसमोर आली पाहिजे. इथे एक गोंधळ नेहमी होतो. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे एक नंबरचा पिस्टन टॉपला दोनदा येतो, आणि अनेक व्ही-८ मध्ये खुणा समोरासमोर असताना फायरिंगची पाळी एक नंबरची नसते, सहा नंबरची असते. म्हणून तुमच्या इंजिनात फायरिंगच्या टॉपवर कॅमची खूण वर दिसली तर दचकू नका. जुनी चेन जागेवर असतानाच क्रँक घड्याळाच्या दिशेने पूर्ण एक फेरा फिरवा, खुणा समोरासमोर येतील, आणि मगच चेन काढा. नवी बसवून झाली की आणखी एक फेरा द्या. रोटर रंगाच्या खुणेवर परत आला पाहिजे. नुसत्या खुणा बघून डिस्ट्रिब्युटर उपटून उलटा बसवणारे मी बरेच पाहिलेत.

क्रँकच्या चक्रापुढे एक वाटीसारखी चकती असते, तेल सीलपासून दूर फेकणारी. ती कपड्यात गुंडाळलेल्या सामानात विसरली जाते आणि मग नवं सील महिन्याभरात पाझरतं. वाटीचा खोलगट भाग बाहेर, कव्हरच्या दिशेने. कॅमच्या पुढे फ्युएल पंपाचं एक्सेन्ट्रिक (पंप हलवणारी, मध्यापासून सरकलेली चकती) असेल तर तेही मूळ क्रमानेच परत लावा.

ब्लॉकचा फेस साफ करायचा तो हाताने. चेंबरचं उघडं तोंड कापडाने घट्ट बंद करा, रुंद पात्याच्या खरवडणीने पॅकिंग काढा, शेवटी थिनरने पुसा. ड्रिलला लावायची अपघर्षक चकती इथे आणू नका. तिच्यातून अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण उडतात, तेलात जातात आणि बेअरिंगला पॉलिश पेपरसारखे घासतात. जनरल मोटर्सने आपल्या वर्कशॉपना याच कारणासाठी लेखी सूचना काढली होती. आता ब्लॉकचा फेस उजेडात बघा. पाण्याच्या वाटेजवळ लोखंडालाही खड्डे असतील. उथळ असतील तर ते स्वच्छ करून धातूचं इपॉक्सी भरा आणि घट्ट झाल्यावर सपाट फाइलने एका पातळीत आणा. जुन्या कव्हरवर असं इपॉक्सी भरून तेच परत लावायचा मोह मात्र टाळा, मी ते कधी वर्षभर टिकलेलं पाहिलेलं नाही. बोल्टच्या भोकांतून टॅप हलक्या हाताने फिरवून आटे साफ करा.

नव्या कव्हरमध्ये ऑइल सील सपाट ठोकळ्याने बसवा. ओठीच्या मागच्या स्प्रिंगमध्ये आधी ग्रीस भरा, ठोकताना ती निसटत नाही. कव्हरच्या कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी न वाळणाऱ्या सीलरचा पातळ हात पुरेसा आहे. सिलिकॉनचा जाड थर देऊ नका, त्यावर पॅकिंग घसरतं आणि आवळताना बाहेर येतं.

सिलिकॉनची खरी जागा आहे चेंबरचे दोन कोपरे, जिथे ब्लॉक, कव्हर आणि चेंबरचं पॅकिंग अशा तीन गोष्टी एकत्र भेटतात. माझ्याकडे परत आलेल्या अशा कामांपैकी बहुतेक या दोन कोपऱ्यांमुळे आली, आणि त्यांत माझी स्वतःचीही आहेत. तिथे तेलाचा अंशही नको. शेवटचं पुसून झाल्यावर दहा मिनिटं थांबा, कारण चेंबरच्या कडेवरून तेल हळूच परत ओघळतं. पुन्हा पुसा आणि लगेच वाटाण्याएवढा सिलिकॉनचा ठिपका द्या. त्यावर कातडी धरायच्या आत कव्हर जागेवर गेलं पाहिजे.

कव्हर वरून किंचित तिरकं धरून चेंबरच्या पॅकिंगवर दाबत आत घ्या, म्हणजे कोपऱ्यातला ठिपका पुसला जाणार नाही. सगळे बोल्ट हाताने लावा, आवळू नका. जे बोल्ट पाण्याच्या वाटेतून जातात त्यांच्या आट्यांना थ्रेड सीलर लावा. कव्हर आत्ता दोन-तीन केसांएवढं इकडेतिकडे हलतं, आणि सील क्रँकच्या बरोबर मध्यावर यायला हवं. म्हणून सीलच्या ओठीला तेल लावून डॅम्पर क्रँकवर चढवा, हबने कव्हर स्वतः मध्यावर येऊ द्या, आणि मग आधी चेंबरचे, नंतर कव्हरचे बोल्ट समोरासमोर क्रमाने आवळा. कव्हरच्या आणि पंपाच्या बोल्टना १६ ते २४ न्यूटन-मीटर पुरतो. मनगटाच्या अंदाजाने यापेक्षा जास्त सहज लागतो, म्हणून टॉर्क पाना वापरा. डॅम्पर चढवायला क्रँकच्या पूर्ण आट्यांत जाणारा इन्स्टॉलर घ्या, डॅम्परचाच बोल्ट चार आट्यांवर धरून ओढू नका. की-वेच्या खाचेत (क्रँक आणि हब एकत्र धरणारी चावी बसते तिथे) सिलिकॉनचा थेंब द्या, नाहीतर तेल खाचेतून बाहेर येतं. डॅम्परचा बोल्ट या इंजिनांत ९५ ते १२० न्यूटन-मीटर.

सिलिकॉनला रात्रभर द्या. दुसऱ्या दिवशी जुनं तेल काढा, ड्रेन प्लग उघडा ठेवून वरून लिटरभर स्वस्त तेल ओता म्हणजे तळाचं पाणी धुऊन जाईल. मग नवा फिल्टर आणि साधं तेल भरा. कूलंट निम्मं निम्मं, डिस्टिल्ड पाण्यात. इंजिन सुरू करण्याआधी प्रेशर टेस्टर परत लावून दाब टिकतो का बघा. मग गरम होईपर्यंत आयडलवर चालवा, टायमिंग लाइटने टायमिंग तपासा, थंड झाल्यावर कूलंटची पातळी भरा. ते साधं तेल दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर फिल्टरसकट बदला. त्यात पुन्हा दुधाळ छटा दिसली तर कव्हरला दोष देण्याआधी इनटेकच्या पॅकिंगकडे जा.

तेल काढाल त्या दिवशी जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा. चकचकीत, मऊ, तांबूस-करडे कण असतील तर बेअरिंग आधीच खाल्ली गेली आहेत, आणि ऑइल प्रेशर गरम इंजिनावर दाबमापक लावून मोजल्याशिवाय गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नका. कागद स्वच्छ असेल तर चेंबरच्या त्या दोन कोपऱ्यांखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा अंथरा आणि सकाळी बघा.